एक दिवस पुढे असलेली बाई

डहाणूहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "चिकू आणले का?" आणले. पिशवीभर आणले, आणि पेणला पोचेपर्यंत त्यातले निम्मे पिकून पिशवीलाच चिकटले. पण मी चिकू आणायला गेले नव्हते, पुस्तक आणायला गेले होते. ते आणलं की नाही हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

प्रवासवर्णनं लिहिणारी म्हणून माझी थोडीफार ओळख आहे. त्या ओळखीवर मला लेखनाच्या शिबिरांना बोलावतात आणि मी तिथे नव्या लोकांना ठासून सांगते की रोज लिहा, मन लागो न लागो. मी स्वतःही रोज लिहिते. उठल्यावर, चहाच्या आधी, कुणाशी एक शब्द बोलण्याआधी दोन पानं. शिबिरात मी सांगत नाही ती गोष्ट अशी, की गेली काही वर्षं त्या दोन पानांत शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीबद्दलच्या तक्रारी आणि गुडघेदुखीचं वर्णन यापलीकडे काही उतरलेलं नाही.

म्हणून प्रकाशकांनी डहाणू-तलासरीवर पुस्तक मागितलं तेव्हा मी ते घट्ट धरलं. पुस्तकाचा गाभा माझ्या मनात पक्का होता. त्या भागात वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. लग्न लावते एक बाई, आणि तेही गाणी म्हणत म्हणत. तिला धवलेरी म्हणतात. तिच्या तोंडून ती गाणी ऐकायची आणि तिच्याशी बोलायचं, हे मधलं प्रकरण. बाकीचं त्याच्या आजूबाजूला बसवता येणार होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रकाशकांचा फोन आला. "तुम्ही जाताय ना नक्की? नाही, कानावर आलंय की दुसरी एक लेखिका तिथं पोचलीसुद्धा. एका मुलखावरची दोन पुस्तकं काही चालत नाहीत हो. आधी येईल ती जिंकली." आणि हसले. मला हसू आलं नाही. हे पुस्तक हातचं गेलं तर मी पुन्हा कधी लिहीन असं मला वाटत नव्हतं. बॅग मी त्याच रात्री भरून दाराशी ठेवली.

मसोली

डहाणू रोड स्टेशनाला लागूनच मसोली. तिथल्या एका चिकूच्या वाडीत माझी उतरायची सोय होती. इकडे वाडी म्हणजे बाग हे लक्षात ठेवावं लागतं. वस्तीला वाडी म्हटलं तर लोक तुम्हाला झाडांत नेऊन सोडतील, कारण वस्ती म्हणजे पाडा. वाडीचे मालक नटवरभाई. घरात गुजराती, पण मराठी इतकं सफाईदार की मुंबईच्या कुठल्याही बँकेत खपून जातील. माझं आडनाव त्यांच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्यांनी मला सरळ 'लेखिकाबाई' करून टाकलं. फोनवरून मी त्यांना आधीच सांगितलं होतं की मला मासेमारीचं गाव बघायचंय, धवलेरी ऐकायचीय आणि तलासरीकडे एक फेरी मारायचीय.

संध्याकाळी अंगणात चिकू निवडायचं काम चाललं होतं. बायका मऊ फळं वेगळी काढत होत्या आणि मी खुर्चीत बसून ताकाचा पेला संपवत होते. तेवढ्यात पलीकडे ओट्यावर नटवरभाई फोनवर बोलताना ऐकू आले.

"हां, लेखिकाबाई. काल. सकाळी आगर, बपोरे गंजाड. गाणी पण. जेवण तिथंच."

बपोरे म्हणजे दुपारी, तेवढं गुजराती मला कळतं. पण माझे कान टवकारले ते पहिल्या दोन शब्दांनी. लेखिकाबाई, काल. म्हणजे प्रकाशकांच्या कानावर आलेलं खरं होतं. ती बाई कालच आगर आणि गंजाड करून मोकळी झाली होती. आणि ठिकाणं तरी कुठली? आगर मासेमारीचं गाव, गंजाड वारल्यांच्या पाड्यांचं. नेमकी माझी! माझ्या मनातल्या जागा तिला कुणी सांगितल्या, याचा विचार करताना माझी नजर आपोआप नटवरभाईंकडे वळली. त्यांनी माझ्याकडे बघून गोड हसून हात हलवला. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी माझा कार्यक्रम सांगितला. "सकाळी आगर, बपोरे गंजाड."

शब्दाला शब्द तोच. तिला ज्या रस्त्याने फिरवून आणलं तोच रस्ता मला विकत होते. विचारावं असं मनात आलं, पण विचारलं तर हा माणूस तिला कळवणार, की दुसरी आलीय, घाई करा. मी मुकाट्याने पानातली उंधियूसारखी दिसणारी भाजी संपवली. भाजी उत्तम होती, याचाही मला रागच आला.

आगर

सकाळची दोन पानं मी लिहिली. दोन्हीत ती बाईच होती. मी तिला चष्मा दिला, महागडे सँडल दिले, एक छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र दिलं. वर्णन चांगलं उतरलं होतं, माझ्या अलीकडच्या लेखनात सगळ्यात जिवंत.

नटवरभाईंनी गाडी दिली आणि दशरथ नावाचा ड्रायव्हर. आगर जवळच आहे. सुरूच्या झाडांमधून समुद्र दिसायला लागतो आणि त्याच्या आधी वास येतो. वाळूत बांबू रोवून आडव्या काठ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर बोंबील, दोन-दोन तोंडात तोंड अडकवून, ओळीने टांगलेले. आमच्या पेणला बोंबील बघायचा तो बाजारातल्या टोपलीतच, त्यामुळे हे ओले, लोंबणारे, उन्हात चमकणारे बोंबील मी पहिल्यांदाच इतके एकत्र बघितले. वाऱ्याने सगळी ओळ एका बाजूला हलत होती.

तिथे मंजुळाबाई भेटल्या. वय साठीच्या पुढे, नाकात चमकी, आवाज होडीवरून किनाऱ्याला पोचेल असा. मी तोंड उघडायच्या आधीच त्या सुरू झाल्या.

"या, बसा. आधी बोंबील दाखवते, मंग जाली, मंग दर्याची पूजा कशी करतो ते सांगते. असंच ना?"

"तुम्हाला कसं कळलं मला काय हवंय ते?"

"नटवरभाईनं सांगितलंय ना. लेखिकाबाईला काय काय लागतं, सगलं."

लेखिकाबाईला! माझ्या समोर बसून त्या लेखिकाबाईबद्दल दुसऱ्या कुणाविषयी बोलावं तसं बोलत होत्या. आणि सांगणं कसं, तर अडखळणं नाही, आठवणं नाही, एकामागून एक. काल एकदा सांगून झालेलं माणूस दुसऱ्या दिवशी असंच घडाघडा सांगतं. मी खडा टाकून पाहिला.

"काल कुणी आलं होतं का इथं लिहायला?"

"काल?" मंजुळाबाईंनी हातातला बोंबील काठीवर अडकवला. "काल मी हितं नव्हतेच. बाजारात व्हते, डहाणूला."

किती चटकन सांगितलं! मी विचारलं होतं एक आणि त्या सांगत होत्या की मी इथे नव्हतेच. इथे नक्की पाणी मुरतंय, माझी खात्री पटली. त्यांनी जाळं विणायची सुई माझ्या हातात दिली, कोरा चहा दिला, सुका जवळा बांधून दिला. मी सगळं घेतलं आणि एक अक्षर लिहून घेतलं नाही. त्या बाईने जे लिहिलं असेल तेच मी का लिहावं?

गाडीत बसल्यावर दशरथने विचारलं, "आता गंजाड ना, बाय?"

"जायलाच हवं का?"

"जेवन सांगितलंय तिकडं."

"कुणाचं?"

"लेखिकाबाईचं," दशरथ म्हणाला आणि त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

आता मला उलगडा झाला. बाई काल गंजाडला पोचली, तिथलं तिला आवडलं, आणि ती अजून तिथेच ठाण मांडून बसलीय. धवलेरीला समोर बसवून, पान वाढून घेऊन. आणि मी जाणार कुठे, तर तिच्या पंगतीला! ती चष्म्यावरून माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, अरे, तुम्हीपण? ते चित्र मला सहन होईना.

"गंजाड नको. तलासरीला चल," मी म्हटलं. ती अजून तलासरीला गेली नसणार. निदान तिथे तरी मी पुढे असेन.

"तलासरी? मंग गंजाडवरूनच हायवेला लागू ना."

"नको. घोलवडच्या अंगाने जाऊ."

दशरथने गाडी कडेला घेतली. "फोन करून सांगतो तरी त्यांना." त्याने फोन लावला, कानाला धरला, पुन्हा लावला. "नाय लागत. पाड्यावर रेंज नाय."

"मग राहू दे," मी म्हटलं.

तलासरीची वाट

घोलवड, बोर्डी, मग आत वळून डोंगरांकडे. रस्ता सुरेख आहे. एका बाजूला चिकूच्या वाड्यांची दाट सावली, मध्येच ताडांची रांग, मग भात कापून झालेली मोकळी खाचरं आणि मागे निळसर डोंगर. दुकानांच्या पाट्या मराठी, मग मराठी-गुजराती, मग कुठली आधी आणि कुठली नंतर ते सांगता येत नाही अशा. बसथांब्यावरच्या बायका एकमेकींशी एका भाषेत बोलत होत्या आणि कंडक्टरशी दुसऱ्या. या सगळ्यावर मला एक चांगलं पान लिहिता आलं असतं. मी मात्र मागे वळून बघत होते, की कुठली गाडी आपल्या मागे येतेय का.

तलासरीत बाजारातून एक चक्कर मारली. सुकी मासळी, नागलीच्या म्हणजे नाचणीच्या राशी, प्लास्टिकच्या बादल्या. हायवेच्या कडेला माठ उलटे करून जाळ लावलेला दिसला तेव्हा माझी भूक जागी झाली. इथे त्याला उबाडियू म्हणतात. वालाच्या शेंगा, रताळी, कंद, हिरव्या लसणीचा मसाला, सगळं पाल्यासकट माठात कोंबायचं आणि बाहेरून आग. आमच्याकडची पोपटी, दुसरं काय! फक्त आम्ही भांबुर्ड्याचा पाला घालतो आणि शेतात, थंडीत, घरच्यांसाठी करतो. इथे ती रस्त्यावर विकतात आणि वर ताकाचा पेला देतात. ही आमच्याकडून इकडे आली की इकडून आमच्याकडे गेली, हा संशय मला खाताखाता आलाच. पण चवीपुढे तो टिकला नाही. मी दोनदा घेतलं.

मग वाटलं, वाडीवरच्या बायकांसाठी थोडं बांधून न्यावं. माठामागे बसलेल्या बाईला म्हटलं, "अजून थोडं द्या, न्यायला."

"आता नाय, बेन. माठ रिकामा. काल या."

"काय?"

"काल या. सकाळी. ताजा माठ काढते."

मला हसू फुटलं. "अहो, काल कशी येऊ? काल तर गेला!"

तिने माझ्याकडे नीट बघितलं, या बाईला समजावून सांगावं लागणार असं. "गेला तो पण काल, बेन, आणि येतो तो पण काल. आमच्यात एकच शब्द. तुम्ही येणारा काल या ना."

मी हातात ताकाचा रिकामा पेला धरून उभी राहिले. हिंदीतला 'कल' दोन्हीकडे जातो, गुजरातीतला 'काले'ही जातो, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. पण माणूस अस्खलित मराठीत बोलत असताना काल म्हणाला की आपण मागेच बघतो. 'उद्या' हा शब्द नटवरभाईंना येत नसेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. *हां, लेखिकाबाई. काल. सकाळी आगर, बपोरे गंजाड.*

मी फोन लावला. "नटवरभाई, परवा तुम्ही... नाही, काल संध्याकाळी तुम्ही फोनवर कुणाबद्दल बोलत होतात? कुठली लेखिकाबाई?"

"कुठली म्हणजे? तुम्ही!" ते म्हणाले. "दुसरी कोण आहे? गंजाडला जेवलात ना बराबर?"

गंजाड

दशरथने हायवेने गाडी हाणली. महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका डावीकडे बराच वेळ दिसत राहिला. मी त्याच्याकडे बघत होते आणि काही बघत नव्हते. चारोटीला वळून गंजाडला पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं.

पाड्यावरचं घर सोनूबाईंचं. भात आणि नागली पिकवणारं कुटुंब. नागली नटवरभाईंकडे देतात, तेवढीच ओळख. आणि तेवढ्या ओळखीवर त्यांनी शेजारच्या पाड्यावरच्या धवलेरीला, चैतीबायला, माझ्यासाठी बोलावून घेतलं होतं. ओटा ताजा सारवलेला होता. त्यावर एक चटई, एकच, मधोमध.

सोनूबाई बाहेर आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गाडी बंद पडली का काय, वाटलं," त्या म्हणाल्या. "आमचे हे दोनदा डांबरीवर जाऊन बघून आलं."

"चैतीबाय?"

"गेली. लग्नाची जीप आली तिला घ्याया. आता लग्न उरकल्याबिगर नाय यायची."

मी काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "मला पुढे कधीतरी ऐकवतील ना?"

सोनूबाईंनी मान हलवली, ना होकाराची ना नकाराची. "मांडवाबाहेर ती म्हनतच नाय. तुमच्यासाठी देवाला इचारलं तिनं. देव हो बोलला, पन आजच्यापुरता. लई वेल बसली व्हती हितं. जेव म्हटलं तर नाय जेवली. बोलली, पावनी येतंय, संगतीनं जेवू."

खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. देव आजच्यापुरता हो म्हणतो, हे मला बनवायला तर सांगत नसतील? मग सोनूबाई मला आत घेऊन गेल्या. चुलीजवळ दोन ताटं झाकून ठेवलेली होती, शेजारी शेजारी. एक माझं. दुसरं कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चुलीच्या धुराने आलं असं मी भासवलं.

त्यांनी माझं ताट उघडलं. तांदळाची भाकरी, कोंबडीचं कालवण, उडदाची आमटी. सगळं गार. सोनूबाई गरम करायला निघाल्या, मी नको म्हटलं आणि तसंच जेवले. पोटात उबाडियू गच्च होतं. पण मी भाकरीचा तुकडासुद्धा टाकला नाही. चैतीबायचं ताट तसंच झाकलेलं राहिलं. मी निघेपर्यंत माझी नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशकांना फोन केला. मला एकच विचारायचं होतं, की ती दुसरी लेखिका त्यांना कुणी सांगितली.

"अहो, मी तुमची खोली पक्की आहे ना म्हणून डहाणूला फोन केला होता," ते म्हणाले. "तर ते गृहस्थ म्हणाले, लेखिकाबाई काल आहेत आमच्याकडे. तुम्ही तर पेणला होतात. म्हटलं, मग ही दुसरी कोण?"

मी त्यांना दुसरी कोण ते सांगितलं. ते इतके हसले की शेवटी खोकला लागला. मग म्हणाले, "छान झालं की, लिहा हेच!" मी त्यांना सांगितलं नाही की हेच लिहिलं तर पुस्तकात मधलं प्रकरण नसेल. गाणं नसेल. झाकलेलं ताट असेल.

पेणला आल्यापासून मी रोज लिहिते आहे, दोन पानांवर भागत नाही इतकं. बोंबलांची हलणारी ओळ आठवून लिहिली. मंजुळाबाईंचं बोलणं आठवेल तसं लिहिलं, आणि जे आठवलं नाही ते फोन करून त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, तितक्याच घडाघडा. त्यांचं बोलणंच तसं आहे. चष्मा आणि महागड्या सँडलवाल्या बाईची पानंही ठेवली आहेत. गंजाडपाशी आले की मात्र थांबते. चैतीबायचा आवाज कसा आहे हे मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं लिहायची हिंमत माझ्यात उरलेली नाही.

आज दुपारी नटवरभाईंचा फोन आला. चैतीबाय लग्नाहून परतली होती. सोनूबाईंनी तिच्या कानावर घातलं होतं की पाहुणी उशिरा का होईना आली, आणि गार जेवली.  त्यावर तिने म्हणे पुन्हा एकदा देवाला विचारलं. देव हो म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. "कधी येऊ?"

"काल," नटवरभाई म्हणाले.

"येणारा ना?" मी खात्री करून घेतली. "येणारा काल ना, नटवरभाई?"

"तुम्ही आलात तर येणारा," ते म्हणाले. "नाही आलात तर गेलेला."

मी फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली.